ओपन सोर्स मोबाईल ॲपमध्ये पहिला कोड कसा द्यायचा: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

वडणग्याच्या माझ्या मामीचा फोन मराठीत आहे. सकाळ-संध्याकाळ संस्थेत घातलेल्या दुधाचा हिशेब ती एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा, ॲपमध्ये ठेवते आणि दहा दिवसांचं बिल आलं की त्याच्याशी ताडून बघते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेले तर म्हणाली, "चार लिटरची नोंद परत उघडली तर चालतंय, साडेचारची उघडून सेव्ह केली की बंद पडतंय बघ हे."

मी तेव्हा राजारामपुरीत एका छोट्या कंपनीत अँड्रॉइडचं काम करत होते. चूक शोधून, दुरुस्त करून ती मूळ ॲपमध्ये जाईपर्यंत अडीच महिने लागले. त्यात कोड लिहायला लागले जेमतेम चार तास. बाकीचा वेळ कुणाला काय विचारायचं, कशाची वाट बघायची आणि कशाची बघायची नाही, हे न कळल्यामुळे गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला थोडंफार कोटलिन किंवा जावा येतं असं धरलं आहे. डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असाल तरी पुरे. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्याच्या आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी जमवायचं सामान

- लॅपटॉप: १६ जीबी रॅम असेल तर उत्तम. ८ जीबीवरही होतं, पण मग एम्युलेटरचा (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनचा) नाद सोडा आणि खरा फोन जोडा.
- डिस्कवर मोकळी जागा: मी ३० जीबी तरी ठेवते.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. फक्त चार्जिंगच्या केबलवर लॅपटॉपला फोन दिसतच नाही आणि आपण उगाच ड्रायव्हर शोधत बसतो.
- एक जुना अँड्रॉइड फोन, ज्यातला डेटा गेला तरी चालेल.
- अँड्रॉइड स्टुडिओ. त्याच्याबरोबर जेडीके (जावाचा कोड चालवायला लागणारी साधनं) येतो. विंडोजवर गिट मात्र वेगळं घ्यावं लागतं.
- गिटहबचं खातं. गिटमधला कोड ठेवायची आणि त्यावर बोलायची ही साइट. कोड देणाऱ्यांसाठी गिटहबने २०२३ पासून दुहेरी पडताळणी सक्तीची करत नेली, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी चालू करा आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा.
- घरचं किंवा कॉलेजचं वायफाय. पहिल्या बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारं ॲप तयार करताना, काही जीबी उतरतात. मोबाईलच्या रोजच्या डेटात ते बसत नाही, आणि अर्धवट उतरलेल्या फाईल्समुळे विचित्र चुका येतात.

खातं उघडतानाच एक सेटिंग बदला. कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या प्रत्येक नोंदीत, तुमचा ईमेल कायमचा नोंदला जातो आणि तो जगात कुणालाही दिसतो. गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये खाजगी ठेवण्याचा पर्याय आहे. तो निवडला की 'नोरिप्लाय' असलेला एक पत्ता मिळतो. तोच गिटमध्ये भरा. हे नंतर सुधारायला गेलं तर फार खटाटोप पडतो.

१. रोज वापरता तेच ॲप निवडा

मोठं, नावाजलेलं प्रोजेक्ट शोधत फिरू नका. तुमच्या किंवा घरच्यांच्या फोनमध्ये असलेलं, काहीतरी खटकणारं ॲप बघा. विकिपीडियाचं अँड्रॉइड ॲप, पाठांतरासाठीचं अँकीड्रॉइड, नकाशांचं ऑर्गॅनिक मॅप्स, रस्त्यावर हिंडताना ओपनस्ट्रीटमॅपमध्ये माहिती भरायचं स्ट्रीटकम्प्लीट ही सगळी ओपन सोर्स आहेत. एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या स्टोअरवर अशी आणखी पुष्कळ सापडतील; तिथे प्रत्येक ॲपच्या पानावर कोडचा दुवा असतो.

मग तीन गोष्टी तपासा. परवान्याची फाईल आहे का? जीपीएल, अपाचे, एमआयटी असं काहीतरी हवं. कोड नुसता दिसतो पण परवानाच नाही, तर ते ओपन सोर्स नव्हे. शेवटचा बदल कधी झाला? वर्षभर हालचाल नसेल तर तुमची पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या, अशी विनंती) धूळ खात पडेल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: बाहेरच्या माणसांच्या पुल रिक्वेस्ट खरोखर घेतल्या जातात का? बंद झालेल्या दहा-पंधरा रिक्वेस्ट वाचून काढा. मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) नव्या माणसाशी कसं बोलतात, ते तिथेच कळतं.

२. कॉन्ट्रिब्युटिंगची फाईल पूर्ण वाचा

बहुतेक प्रोजेक्टमध्ये या नावाची फाईल असते. कोड कोणत्या शैलीत हवा, टेस्ट कशा चालवायच्या, कमिटचा मजकूर कसा असावा, एआयने लिहिलेला कोड चालतो की नाही, हे तिथे असतं. काही ठिकाणी करारनाम्यावर सही लागते. काही ठिकाणी प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही तिच्यातून सांगत असता. गिट कमिटला एस हा पर्याय दिला की ती आपोआप येते. तुम्ही नोकरीत असाल तर कंपनीचा करार आधी बघा. काही करारांत फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवरही कंपनी हक्क सांगते.

मराठी भाषांतर सुधारायचं असेल तर थांबा. स्ट्रिंग्जची (ॲपमध्ये दिसणाऱ्या मजकुराची) एक्सएमएल फाईल थेट बदलून पाठवू नका. विकिपीडिया ॲपची भाषांतरं ट्रान्सलेटविकीवर होतात, अँकीड्रॉइडची क्राउडिनवर. तिथून ती आपोआप कोडमध्ये येतात. तुम्ही हाताने केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जाणार, म्हणून मेंटेनर तो घेतच नाहीत.

३. काहीही न बदलता आधी बिल्ड करून दाखवा

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात आणि सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोड उतरवायच्या आधी फोल्डरची जागा ठरवा. माझ्या फोल्डरचं नाव मी हौसेने 'माझे प्रकल्प' असं ठेवलं होतं. विंडोजवर प्रोजेक्टच्या वाटेत इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं असली की अँड्रॉइडचं बिल्ड तिथेच अडतं. ती तपासणी बंद करायची सोय आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नका. सी ड्राइव्हच्या खाली थेट एक छोटं, रोमन नावाचं, मध्ये जागा नसलेलं फोल्डर करा. तुमच्या विंडोजच्या खात्याचं नावच मराठीत असेल तर तेही याच कारणाने आड येऊ शकतं.

अँड्रॉइड स्टुडिओत प्रोजेक्ट उघडलं की ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) सिंक सुरू होतं. पहिल्यांदा अर्धा तासही लागतो. मध्ये बंद करू नका. या टप्प्यावर "ग्रेडलची आवृत्ती वाढवू का?" असं स्टुडिओ विचारेल. नाही म्हणा. प्रोजेक्टने ठरवलेली आवृत्तीच ठेवायची, नाहीतर तुमच्या बदलात नको त्या फाईल्स घुसतात. जेडीके जुळत नाही अशी चूक आली तर रीडमी फाईलमध्ये कोणता सांगितला आहे ते बघून ग्रेडलच्या सेटिंगमध्ये तो निवडा. चूक लाल अक्षरांत पन्नास ओळींची येते. कारण बहुधा 'कॉज्ड बाय' असं लिहिलेल्या शेवटच्या ओळीत असतं. ती ओळ वाचायची.

फोन जोडताना सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करा. काही ब्रँडच्या फोनांत 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हे आणखी एक बटण असतं.

आणि एक कळकळीची सूचना. ज्या फोनमध्ये ते ॲप खऱ्या वापरात आहे, त्यावर तुमचं बिल्ड टाकू नका. प्ले स्टोअरवरच्या ॲपची सही आणि तुमच्या बिल्डची सही वेगळी असते, त्यामुळे पुष्कळदा आधीचं ॲप काढल्याशिवाय नवं बसत नाही. काढलं की आतला डेटा गेला. मामीचा सहा महिन्यांचा दुधाचा हिशेब माझ्या हातून असाच जायचा होता. आदल्या दिवशी एक्सपोर्ट केलेली फाईल होती म्हणून निभावलं.

बिल्ड झालं, ॲप उघडलं, टेस्टही चालल्या, की तुमचं निम्मं काम झालं असं समजा.

४. इश्यू शोधा किंवा लिहा

इश्यू म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर नोंदवलेली चूक किंवा काम. 'गुड फर्स्ट इश्यू' असा शिक्का असलेली कामं नव्या लोकांसाठी राखलेली असतात. पण त्याखाली "हे मला द्या" म्हणणारे दहा-दहा जण असतात आणि त्यातले बरेच पुढे दिसत नाहीत. तुम्ही लिहाल ते असं लिहा: मला हा बग माझ्या फोनवर दिसला, मला वाटतं तो अमुक फाईलमधून येतोय, असा असा बदल करायचा विचार आहे, चालेल का? वाचणाऱ्याला लगेच कळतं की या माणसाने कोड उघडून बघितला आहे.

त्याहून चांगलं म्हणजे स्वतःला सापडलेला बग. इथे मराठी माणसाच्या हातात अशी एक गोष्ट आहे, जी बर्लिनमधल्या किंवा बंगळूरमधल्या डेव्हलपरच्या हातात सहसा नसते: मराठीत लावलेला फोन. मामीच्या ॲपचंच बघा. फोन मराठीत असला की स्ट्रिंग फॉरमॅट करणारं फंक्शन आकडे देवनागरीत देतं, कारण मराठीसाठी ठरलेले अंक देवनागरी आहेत. साडेचारचं '४.५०' झालं. तोच मजकूर ॲपने परत आकडा म्हणून वाचायला घेतला. पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी अंक ओळखतं, म्हणून चार चालत होतं. दशांश वाचणारं फंक्शन ते ओळखत नाही, म्हणून साडेचारला ॲप कोसळत होतं. हिंदीत लावलेल्या फोनवर यातलं काहीच दिसत नाही, कारण हिंदीसाठी ठरलेले अंक इंग्रजी (1, 2, 3) आहेत. नेपाळीत दिसतं, बंगालीत दिसतं. आपण फोन मराठीत वापरला नाही तर आपल्या भाषेचे बग कुणाला सापडणारच नाहीत.

असे आणखी सापडतात. ठरावीक उंचीच्या बटणावर वेलांटीचा किंवा रफाराचा माथा कापला जातो. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकसंध किंवा 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला सारखंच, पण एका प्रकाराने लिहिलेली नोंद दुसऱ्या प्रकाराने शोधली तर सापडत नाही. 'दऱ्या', 'सुट्ट्या' असे शब्द ओळीच्या शेवटी कसे तुटतात तेही बघा. एक संध्याकाळ सगळं ॲप मराठीत चालवा आणि खटकेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या. अँड्रॉइड १३ पासून एकट्या ॲपची भाषाही बदलता येते.

बग लिहिताना एवढं द्या: ॲपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, फोनची भाषा, क्रमाने केलेल्या कृती, काय व्हायला हवं होतं, काय झालं. साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी पुरतं. आधी कुणी तोच बग नोंदवला आहे का, हे बंद झालेल्या इश्यूंतही शोधा.

नुसती संख्या वाढवायला रीडमीमधला एखादा शब्द बदलून पाठवणं मात्र कटाक्षाने टाळा. २०१४ पासून ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम चालतो. चार पुल रिक्वेस्टला टीशर्ट मिळायचा, म्हणून २०२० मध्ये निरर्थक बदलांचा इतका लोंढा आला की आयोजकांना नियम बदलावे लागले आणि जी प्रोजेक्ट स्वतःहून तयार असतील तीच त्यात धरली जाऊ लागली. त्याचा त्रास फुकट राबणाऱ्या मेंटेनरांना झाला. आपल्याकडच्या मुलांकडे संशयाने बघितलं जाण्यालाही असेच बदल कारण होतात.

५. फोर्क, क्लोन, ब्रँच

गिटहबवर फोर्क करा, म्हणजे तुमच्या खात्यात प्रत तयार होते. ती क्लोन करून लॅपटॉपवर घ्या. मूळ रिपॉझिटरी (कोडचा साठा) 'अपस्ट्रीम' नावाने जोडा. मग त्या एका कामासाठी नवी ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढा. मेन ब्रँचवर थेट काम करू नका. पुढच्या वेळी अपस्ट्रीमशी जुळवताना गुंता होतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये मेनच्या जागी मास्टर असतं, तेवढं बघून घ्या.

६. बदल छोटा ठेवा

जागा शोधायची सोपी युक्ती: स्क्रीनवरचा इंग्रजी शब्द स्ट्रिंग्जच्या फाईलमध्ये शोधा, त्याचं नाव कोडमध्ये शोधा, आपण बरोबर त्या पडद्यापर्यंत पोहोचतो.

माझा बदल शेवटी सहा ओळींचा झाला. जिथे आकडा साठवायचा किंवा फाईलमध्ये जायचा तिथे फॉरमॅटला 'लोकेल रूट' दिलं, म्हणजे अंक नेहमी इंग्रजी. जिथे माणूस वाचणार तिथे फोनची भाषा तशीच ठेवली, कारण मामीला '४.५०' असंच दिसायला हवं. आणि तिने भरलेलं वाचताना त्या भाषेचे अंक समजणारं नंबरफॉरमॅट वापरलं. पहिल्या प्रयत्नात मी सगळीकडे इंग्रजी अंक केले होते. ॲप कोसळायचं थांबलं, पण मराठी अंकही गेले. अशी दुरुस्ती करू नका.

त्याच फाईलमधला दुसरा काही गबाळेपणा दिसला तरी हात लावू नका. स्टुडिओचं आपोआप फॉरमॅट करणारं बटणही सगळ्या फाईलवर चालवू नका. सहा ओळींचा बदल सहाशे ओळींचा दिसायला लागला की तपासणारा कंटाळतो. शक्य असेल तर एक टेस्ट जोडा: भाषा मराठी करून साडेचार साठवा, परत वाचा, साडेचारच आले पाहिजेत.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. छोटे छोटे कमिट करत राहा आणि रोज आपल्या फोर्कवर पुश करा, म्हणजे चढवा.

७. कमिट आणि पुश

पुश करताना पासवर्ड मागितला आणि बरोबर टाकूनही नाकारला, तर गोंधळू नका. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब इथे पासवर्ड स्वीकारतच नाही. ॲक्सेस टोकन किंवा एसएसएच की लागते. जुने व्हिडिओ बघून शिकणारे हमखास इथे अडतात. कमिटच्या पहिल्या ओळीत काय बदललं ते, आणि खाली का बदललं ते. "फिक्स्ड बग" एवढंच लिहू नका. पुश करण्याआधी गिट डिफ चालवून एकेक ओळ स्वतः वाचा; साइनिंगच्या किल्ल्या, पासवर्ड, तुमच्या लॅपटॉपच्या वाटा असलेली लोकल प्रॉपर्टीजची फाईल चुकून गेलेली नाही ना, ते बघा.

८. पुल रिक्वेस्ट

साचा दिलेला असेल तर तो पूर्ण भरा, रकाने खोडू नका. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा. मराठी स्क्रीनशॉट समोरच्याला वाचता येत नाही, म्हणून कुठे बघायचं तिथे बाण काढा. 'फिक्सेस' लिहून पुढे इश्यूचा क्रमांक दिला की बदल विलीन होताच इश्यू आपोआप बंद होतो.

खाली आपोआप होणाऱ्या तपासण्या चालू होतील. तुमची पहिलीच वेळ असेल तर त्या मेंटेनरच्या परवानगीसाठी थांबलेल्या दिसू शकतात. तुमचं काही चुकलेलं नसतं. तपासणी थांबल्याची खूण असलेल्या पिवळ्या ठिपक्यापायी मी रिक्वेस्ट दोनदा बंद करून परत उघडली आणि तिसऱ्यांदा मेंटेनरने नम्रपणे तसं न करायला सांगितलं.

९. तपासणी आणि वाट बघणं

मेंटेनर बहुतेक नोकरी-संसार सांभाळून हे काम करतात. आठवडा-दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा, त्याच ठिकाणी, एका ओळीत आठवण करा. खाजगी ईमेल किंवा लिंक्डइनवर मागे लागू नका. आपल्याला 'सर', 'रिस्पेक्टेड सर' म्हणायची सवय असते. इथे सरळ नावाने बोलतात आणि समोर बाईही असू शकते.

पहिल्या रिव्ह्यूत मला अकरा शेरे आले. त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला आणि रंकाळ्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, त्यातले सात नावांबद्दल होते, तीन टेस्टबद्दल आणि एक प्रश्न होता: नेपाळीत आणि अरबीतही हेच होतं का? म्हणजे त्या माणसाने माझं काम माझ्यापेक्षा पुढे नेऊन बघितलं होतं. 'निट' असं लिहिलेला शेरा म्हणजे बारीकसारीक सूचना, तिचं वाईट वाटून घ्यायचं नाही. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या. पटलं नाही तर कारण लिहा, तेही चालतं.

दुरुस्त्या त्याच ब्रँचवर पुश करा, रिक्वेस्ट आपोआप ताजी होते. नवी उघडू नका. दरम्यान मूळ कोड पुढे गेला असेल तर रिबेस करायला, म्हणजे आपला बदल त्या नव्या कोडवर बसवायला, सांगतील. त्यानंतर पुश जबरदस्तीने करावा लागतो. तेव्हा नुसतं फोर्स न वापरता 'फोर्स विथ लीज' वापरा, म्हणजे त्या ब्रँचवर दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल तर ते पुसलं जात नाही.

१०. विलीन झाल्यावर

बदल विलीन झाला म्हणजे लगेच फोनवर आला असं नाही. पुढची आवृत्ती निघेपर्यंत थांबावं लागतं. एफ-ड्रॉइड बहुतेक ॲप मूळ कोडवरून स्वतः बिल्ड करतं, त्यामुळे तिथे आणखी काही दिवस जातात. तोवर आपली ब्रँच काढून टाका, फोर्कची मेन ब्रँच अपस्ट्रीमशी जुळवून घ्या. अपडेट आलं की ज्याच्यासाठी केलं त्याच्या फोनवर स्वतः तपासा. मी वडणग्याला गेले तेव्हा मामीने आधी साडेचार, मग पावणेपाच लिहून बघितलं, दोन्ही परत उघडून सेव्ह केलं आणि मग विचारलं, "बिलाच्या तारखा उलट्या लागतात, ते पण बघशील का?" तो इश्यू सध्या उघडा आहे.